धोबीण उतरली की विळा

मोहाडीकडच्या एका गावात तलावाखाली मोठं कुरण होतं आणि त्याची राखण वच्छलाबाईकडे होती. गावचा नेम असा, की भादवा सरताना धोबीण पक्षी कुरणात उतरल्याशिवाय गवताला विळा लावायचा नाही. तोवर गवताचं बी पिकून सांडलेलं असतं. धोबीण म्हणजे मूठभर पाखरू. गाल पांढरे आणि शेपटी घडीभर स्थिर नाही. ती उतरल्याचं सांगायचा मान वीस वर्षं वच्छलाबाईचा. लोक तिला ‘पाखरांची पाटलीण’ म्हणून चिडवत, आणि तिला ते मनातून फार आवडे.

धुक्यात ती बांधावर बसे. एवढासा जीव कुठून येतो, कुणाच्या अंगणात उन्हाळा काढतो, असं मनात घोळवता घोळवता तिची तंद्री लागे. सून रुखमा कपाळाला हात लावी. “घरी कामं पडली अन् तुम्ही पाखरं पायत बसता जी, आत्याबाई!”

एक्याऐंशी साली धोबिणीने फार उशीर केला. त्यात वच्छलाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. तिने तो कुणाला कळू दिला नव्हता. कळला की मान गेला, आणि या सकाळीही गेल्या.

एक दिवस तिला पांढरं काही हलताना दिसलं. खाली-वर, खाली-वर.

“आली वं, धोबीण आली!”

आरोळीसरशी गाव विळे घेऊन लोटलं. रुखमा पुढे धावली आणि जागीच थबकली. गवताचा पांढरा तुरा वाऱ्यावर डुलत होता. चारचौघांत सासूचं हसं होणार, म्हणून ती ओरडली, “हो जी, म्या बी पायली! आताच उडून गेली.”

पण ते पांढरं तर वच्छलाबाईला अजून हलताना दिसत होतं. म्हणजे ते पाखरू नव्हतंच, आणि सून आपली लाज झाकत होती.

“नाही बापहो,” ती म्हणाली. “मी चुकली. मले आता दिसत नाही. विळे घरी न्या.”

कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवसापासून रुखमा मुकाट्याने तिच्या शेजारी बसू लागली.

चौथ्या सकाळी वच्छलाबाईने तिचा हात दाबला. “ऐक. पाण्याच्या बाजूले. चिसिक-चिसिक.”

रुखमाने पाहिलं. ओल्या मातीवर खरीखुरी धोबीण शेपटी नाचवत होती. ती आरोळी ठोकायला उठली, तर सासूने पदर धरला.

“थांब वं. गावाले मंग सांगजो. पयले मले सांग, कशी दिसून राह्यली?”

रुखमा पुन्हा खाली बसली. “गाल पांढरे हायेत, आत्याबाई... अन् छातीवर काळा डाग...” सांगता सांगता तीच पाखराकडे पाहत राहिली. त्या दिवशी गावाला विळे काढायला दुपार झाली.