वीस ट्रकांची जागा

जगन्नाथराव सावर्डेकरांचे वडील महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या तपासणी नाक्यावर कारकून होते. नाका म्हटला की इतरांना अडसर आणि शिक्के आठवत. जगन्नाथरावांना मात्र दोन-दोन दिवस खोळंबलेले ड्रायव्हर, ट्रकखाली अंथरलेली पोती आणि पाण्यासाठीची वणवण आठवे. २०१९ साली, मिशिगनमधल्या ट्रॉय शहरात मोटारींचे सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत बसून त्यांनी आयर्लंडच्या सीमेसाठी आराखडा केला, तेव्हा पहिल्या पानावर तेच आलं : वीस ट्रक उभे राहतील असं आवार, पाणी, स्वच्छतागृह.

कंपनीचं मोटारीच्या दारांना लागणारं रबर उत्तर आयर्लंडात, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत, तयार होई. लेप चढवायला ते सीमेपलीकडे, युरोपीय संघातल्या आयर्लंडमध्ये, जाई आणि परत येई. ब्रिटन करार न करताच युरोपीय संघातून बाहेर पडला, तर ऑक्टोबरअखेर या दोन्ही फेऱ्या तपासणीत अडकणार होत्या. हाताशी असलेलं रबर संपून पाचव्या दिवशी मिशिगनमधलं काम बंद. आराखड्याखाली जबाबदार म्हणून नाव मात्र एकट्या जगन्नाथरावांचं.

सप्टेंबरमध्ये फोनवर बैठक झाली. लंडनचे संचालक हॉवर्ड ब्रेक्झिटचे कट्टर समर्थक. आवार बांधणं म्हणजे आपणच संकटाची जाहिरात करणं, असं त्यांचं मत पडलं. आयर्लंडमधल्या कारखान्याचे प्रमुख ब्रेंडन तितकेच कट्टर विरोधक. जुन्या संघर्षाच्या काळात ज्या सीमेवरच्या रस्त्यावर ब्रिटिश सैनिकांनी माझ्या वडिलांना गाडीतून उतरवून त्यांची झडती घेतलेली मी पाहिली, तिथे ट्रक थांबवायची जागा मी आखू देणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. पाऊण तास दोघं एकमेकांचे वाभाडे काढत राहिले आणि एकमत झालं ते एकाच गोष्टीवर : आवार नको.

“मग ट्रक उभे कुठे राहणार?” जगन्नाथरावांनी विचारलं.

“ती वेळच येता कामा नये,” ब्रेंडन म्हणाले. हॉवर्डनीही त्या दिवशी प्रथमच त्यांना दुजोरा दिला.

पहिलं पान गळालं. त्यामागोमाग, माल अडकलाच तर हाताशी असावा म्हणून सुचवलेल्या जादा साठ्याचंही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला माल घेणाऱ्या मोटारकंपनीने ‘सीमेवरची तयारी पूर्ण’ असं लेखी मागितलं. ट्रॉयमधल्या साहेबांनी तसा कागद सहीसाठी जगन्नाथरावांपुढे ठेवला. ब्रिटन बाहेर पडायची मार्चचीही मुदत होतीच की, गेली ना पुढे, असा त्यांचा हिशेब. जगन्नाथरावांनी सही करायला नकार दिला. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत न तपासलेल्या मालावरही त्यांनी कधी सही केली नव्हती. साहेब रागावले नाहीत. नुसते कागद उचलून गेले.

दुपारी त्यांच्याच विभागातला नागपूरचा सिद्धेश तोच कागद घेऊन आला.

“काका, आता सही मला करायला सांगितलीय. यार, माझा व्हिसा रिन्यू व्हायचाय. नाही कसं म्हणू?”

“नाही म्हणू नकोस.”

“मग करू?”

आपण हात स्वच्छ ठेवले ते या मुलाच्या जिवावर, हे जगन्नाथरावांच्या तेव्हा ध्यानात आलं. उद्या माल अडकला, तर कागदावर नाव याचं निघणार आणि मायदेशी परतायची पाळीही याच्यावरच. त्यांनी कागद ओढून घेतला, सही केली, तारीख घातली.

सिद्धेशचा चेहरा उजळला. “थँक्यू, काका.”

“थँक्यू म्हणू नकोस,” ते म्हणाले. “खोटं आहे ते.”