उन्हाळी अंकाला विषय

आमच्या त्रैमासिकाचा उन्हाळी अंक म्हणजे दरवर्षीचं दुखणं. पावसावर कविता इतक्या येतात की नको नको होतं. थंडीवरही कोणी ना कोणी लिहितं. उन्हाळा म्हटलं की मात्र कोणाचंच डोकं आंब्यापलीकडे जात नाही. मागच्या वर्षी आंबा, त्याआधीच्या वर्षी आंब्याचं लोणचं.

अंक आम्ही दोघी महाडहून काढतो, मी आणि शाळेत मला मराठी शिकवणाऱ्या माझ्या बाई. विषय बाई सुचवायच्या, मी वाद घालायची, आणि शेवटी त्यांचंच व्हायचं. यंदा मार्गशीर्षात बाईंचे यजमान गेले. तेव्हापासून काहीही विचारलं की एकच उत्तर, "तूच ठरव." एका स्वल्पविरामावरून मला तासभर झापणारी ही बाई! मला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. अंक बंद पडला तर त्यांना घराबाहेर काढायला माझ्याकडे काही निमित्तच उरणार नव्हतं.

फाल्गुन संपत आला होता. "विषय शोधायला चला," म्हणत मी त्यांना जवळजवळ ओढतच रिक्षात बसवलं आणि तुडीलला माझ्या माहेरी नेलं. खरं तर माझ्या डोक्यात विषयबिषय काही नव्हता.

शेतावर राबाची तयारी झाली होती. भाताचं रोप जिथं टाकायचं, ती जमीन पावसाआधी भाजून घेतात, तो राब. खाली शेण, त्यावर तोडून वाळवलेल्या फांद्या, गवत आणि वरून माती. वहिनीच्या केसांत पाला अडकला होता. भाऊ मला बघून म्हणाला, "उरलेले अंक आणलेस काय गो? टाकू यात." मग स्वतःच म्हणाला, "नको, कागद भसकन जळतो. माती तापत नाय."

आमच्याकडे राब वयाने सगळ्यात मोठं माणूस पेटवतं. वडील गेल्यापासून आई पेटवते. तिने गवताची चूड पेटवली, बाईंकडे पाहिलं आणि चूड त्यांच्यापुढे धरली. "तुमी मोट्या. लावा."

बाई मागे सरकल्या. "अहो, मी नको. मी आता..."

"मी पन तशीच हाय," आई म्हणाली. "माझ्या हातचं भात उगवतंय नव्हं?"

बाईंनी चूड घेतली. भावाने दाखवलेल्या कोपऱ्यात, वारा ज्या बाजूला वाहत होता त्या टोकाला, टेकवली.

लहानपणापासून मी राब पाहिलाय, म्हणजे डोळ्यांत धूर गेला म्हणून कुरकुरत पळालेय. नीट उभी राहिले ती त्याच दिवशी. ज्वाळा अशा नाहीतच. आग मातीखाली शिरली आणि वाऱ्याच्या विरुद्ध, सावकाश, पुढे पुढे जायला लागली. मागची जमीन काळी पडत होती. चपलेतून ऊब लागत होती. मान वर केली तर सावित्री नदीच्या पलीकडे, डोंगरउतारांवर, पार आंबेनळी घाटाच्या बाजूला, शेताशेतातून धूर चढत होता. सगळं खोरं एकाच कामाला लागलं होतं. आणि याच दिवसांना मी इतकी वर्षं रिकामे म्हणत होते.

आग बांधाला पोचेपर्यंत बाई हलल्या नाहीत. वहिनीने दिलेला पाण्याचा तांब्या तसाच हातात राहिला.

"त्या दिवशी मला घरीच बसवलं," त्या म्हणाल्या. "बायका स्मशानात जात नाहीत ना. यांना दारातून नेलं, आणि नंतर सगळे अंघोळ करून परत आले. मधलं मला काहीच दिसलं नाही."

मी त्यांच्या हातातला तांब्या घेऊन बांधावर ठेवला.

परतताना रिक्षात त्यांच्या लुगड्याला शेतावरच्या धुराचा वास येत होता. महाड जवळ आलं तेव्हा म्हणाल्या, "विषय राब. आंब्याची एक ओळ जरी दिसली तरी बघ. पहिला लेख माझा. ते मधलं लिहीन म्हणते."

विषयावरून आमचा वाद झाला नाही असा तो पहिलाच अंक.