कुणी बघत नाहीये असं चाला

मखमलकाकू सोफ्यांची कव्हरं शिवायच्या. रस्त्यालगत नवरा-बायकोचं छोटंसं दुकान. काका तोंडात बारीक खिळे धरून लाकडी सांगाड्यावर कापड ठोकणार, काकू मशीनवर. आणि उरलेल्या तुकड्यांचे काकूंच्या अंगावर कोट! एक बाही जांभळ्या मखमलीची, दुसरी पोपटी फुलांची, पाठीवर कुठल्याशा हॉटेलच्या खुर्च्यांचे सोनेरी पट्टे. काकू रस्त्यावर आल्या की माना वळायच्याच. एक सायकलवाला तर बघता बघता खांबावर जाऊन आपटला. त्याच्या गुडघ्याला हळद लावतानासुद्धा काकूंना हसू आवरेना.

कुणी म्हणेल, लोकांनी बघावं म्हणून ही बाई नटते. मग? नटतेच! त्यात चोरी कसली? पंचाईत एवढीच, की सगळं जग बघायचं आणि काका बघायचे नाहीत. नवा कोट घालून काकू समोर गिरकी घ्यायच्या, काकांची मान खाली आणि हातोडी सुरू. "अहो!" म्हटलं की "हं."

अशात एके दिवशी दुकानासमोर कॅमेरावाली मुलगी उभी राहिली. रस्त्यावरच्या लोकांचे कपडे टिपून मासिकात छापायची ती. स्वतःची जीन्स दोन्ही गुडघ्यांवर अगदी मापात फाडलेली.

"काकू, तुम्हाला मुखपृष्ठावर घेते," ती म्हणाली. "तुम्ही कुणासाठी नटत नाही. एकदम अस्सल आहात!"

काकूंनी मान डोलावली. काय करणार? डोक्यात एकच घोळत होतं. मासिक आलं की थेट काकांच्या हातोडीखाली सरकवायचं. मग कशी मान वर होत नाही, बघतेच!

"काही नाही, नुसतं चालायचं," मुलीनं समोरच्या फुटपाथवर नेऊन समजावलं. "कॅमेरा दिसतच नाहीये, कुणी बघत नाहीये, असं."

झालं! इथंच घोडं अडलं. पहिल्या फेरीला काकू बत्तीशी दाखवून हसल्या. दुसऱ्या फेरीला त्यांनी चक्क हात हलवला. तिसऱ्या फेरीला कॅमेऱ्याकडे बघायचंच नाही म्हणून आभाळाकडे बघत निघाल्या, त्या थेट टपालपेटीवर आदळल्या आणि तिलाच "सॉरी हं" म्हणाल्या. फुटपाथवर ही गर्दी जमली! चहावाला किटली खाली ठेवून पोट धरून हसत होता.

मुलगी रडकुंडीला आली. "काकू, असं समजा ना, की तुम्ही एवढं नटलात आणि कुणी तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाहीये."

"एवढंच होय?" काकू म्हणाल्या. "मग आधी नाही का सांगायचं? ते तर मी घरात रोज करते!"

गर्दी खो खो हसली. काकूही हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळेच भरून आले. आता काय म्हणावं! भर रस्त्यात, एवढ्या लोकांत, मखमलीच्या बाहीनं नाक पुसायची वेळ आली.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. काका हातोडीसकट रस्ता ओलांडून आले होते. त्यांनी काकूंभोवती एक सावकाश फेरी मारली.

"उजवी बाही आखूड झालीय," ते म्हणाले. "निळा बरा होता. सोनेरी बटणांचा. त्याची कॉलर झकास बसली होती. तो का घालत नाहीस हल्ली?"

"तुम्ही बघितला होता तो?"

"समोर गिरक्या घेतेस, मी काय आंधळा आहे?"

"मग तोंडानं बोलायला काय धाड भरली होती?"

काका ओशाळले. "सगळा गाव तुझं कौतुक करतो. म्हटलं, त्यात माझं काय मोठं."

"अहो, तुमचंच तर!" काकू ओरडल्या, आणि अशा हसत सुटल्या की कमरेत वाकल्या, केस सुटले, पोपटी बाही खांद्यावरून घसरली. काका त्यांच्याकडे बघतच राहिले. कॅमेरा धडाधड वाजत होता.

"काकू, हेच! हेच हवं होतं!" मुलगी नाचायला लागली. "आता एकदाच चाला, कुणी बघत नाहीये असं!"

"छे गं बाई," काकू म्हणाल्या, "आता कसं जमायचं? हे बघतायत ना!"