एक्सेल आणि लाटणं

"जमेल का तुम्हाला?" असं कुणी विचारलं की केसरीनाथ मिस्त्रीच्या डोक्यात जायचं. साधं पंक्चर असो नाहीतर आख्खं इंजिन, हा प्रश्न त्याला विचारायचा नाही. एकदा एका गिऱ्हाइकाने विचारला, तर पठ्ठ्याने हातातला पाना खाली ठेवला आणि "जमत न्हाय, जा" म्हणून त्याला तसंच बंद गाडीसकट परत लावून दिलं. असला तिरसट माणूस! पण हाताला गुण होता, म्हणून लोक ऐकून घ्यायचे.

उभा जन्म भिवंडीच्या गॅरेजात गेला. पोरसवदा असताना अंबाडीकडच्या गावातून यायचा, ट्रकखाली झोपून डिझेलने केस चिकटवून परत जायचा. पुढे गुडघे बोलायला लागले तसं गॅरेज सोडलं आणि घरच्याच अंगणात, जांभळीखाली, पाइपांची तीन पायांची घोडी उभी केली. तिला इंजिन उचलायची साखळीची कुप्पी, म्हणजे कप्पी, टांगली. झालं गॅरेज! गावात, रस्त्यात कुणाची गाडी अडली की लोक म्हणायचे, जांभळीखाली न्या.

आणि या गॅरेजात मिस्त्री एकटा नव्हता बरं का. बायको होती. पुतळाबाई.

पुतळाबाई काही गाडीला हात लावायची नाही. तिचा संबंध फक्त एका कामाशी. ज्या गाडीची पुढची चाकं गाडी ओढतात, तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स एकाला एक जोडून आडवे बसलेले असतात. गिअरबॉक्सच्या दोन बाजूंनी दोन एक्सेल निघतात, एकेका चाकाकडे. इंजिन उतरवायचं तर आधी हे एक्सेल उपसायचे. पण दोन्ही एकदम उपसले की आतली दातेरी चाकं आधाराविना उरतात, आणि इंजिन जरा हललं की जागा सोडतात. मग बसा आख्खा गिअरबॉक्स खोलत! केसरीनाथचा उस्ताद युपीचा होता. तो ओरडून सांगायचा, "एक निकाल, डंडा डाल, फिर दूसरा निकाल!" एक्सेल निघाला की त्याच्या भोकात दांडका घालायचा, मगच दुसऱ्याला हात लावायचा.

घरी दांडका कुठला? तर पुतळाबाईचं लाटणं. त्यांच्या घरात तांदळाची भाकरी थापायची, लाटणं नुसतं फळीवर पडून असायचं. त्याच्या मुठीला फडकं गुंडाळलं की भोकात चपखल बसायचं. पहिल्यांदा त्याने ते न विचारता उचललं तेव्हा तिने घर डोक्यावर घेतलं होतं. मग हळूहळू तीच ते फडकं गुंडाळून आणायला लागली. एक्सेल सुटल्याचा आवाज आला की चुलीपुढून उठायची. "अवो, लाटणं!" म्हणून हातात द्यायची. वर ऐकवायची, "माझ्या आईने पोळ्या लाटायला दिलंय हो, तुमच्या गाडीला जेवू घालायला न्हाय."

एकदा पाहुण्यांना पोळ्या केल्या आणि त्यांना गिअर ऑइलचा वास आला. पाहुण्यांनी त्या तशाच संपवल्या. ही दोघं मात्र कितीतरी दिवस हसत होती.

ती पुतळाबाई गेल्या थंडीत गेली. ताप आला, उतरला, परत चढला, आणि संपलंच.

त्यानंतर केसरीनाथने पान्याला हात लावला नाही. कुप्पीच्या साखळीला गंज चढला. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला आणि घरभर वास पसरला, हा ओटीवर बसूनच. एकदा अंबाडी नाक्यावर जाऊन बसला आणि कशाला आलो तेच आठवेना. ओळखीच्या रिक्षावाल्याने घरी आणून सोडलं. ही बातमी रंजिताच्या कानावर गेली आणि ती धावत आली.

रंजिता त्यांची एकुलती एक मुलगी. काल्हेरला दिलेली. तिचा नवरा मितेश तिथल्या एका गोदामात सुपरवायझर. माणूस भला, पण सारखा मोबाइलमध्ये डोकं घालून.

"बाबा, घराला कुलूप लावा आणि चला आमच्याकडे," रंजिता म्हणाली. "तिकडे दोन खोल्या आहेत. लिफ्ट आहे."

"लिफ्ट घेऊन काय करू? आन् काम?"

"गोदामात बसून राहायची ड्युटी मिळेल," मितेशने वर न बघता सांगितलं. "गेटवर. काही करायचं नाही तिथे."

काही करायचं नाही! केसरीनाथच्या कानशिलाची शीर उडायला लागली. पण लेकीचा रडवेला चेहरा बघून त्याने राग गिळला. भीती त्यालाही वाटत होतीच. आपलं डोकं चालतंय की नाही, हे त्याचं त्यालाच कळेनासं झालं होतं. दारात त्याची स्वतःची जुनी लाल मारुती उभी होती, धूर ओकणारी. पुतळाबाईला वज्रेश्वरीला, अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर न्यायला घेतलेली. तिच्याकडे बोट करून तो म्हणाला, "पुढल्या रविवारी ये. तवर हिचं इंजिन मी एकट्याने उतरवून ठेवतो. उतरलं, तर मी मिस्त्री हाय अजून, आणि हितंच राहीन. न्हाय उतरलं, तर तू म्हणशील तिथं येईन."

"तुम्हाला जमेल का, बाबा?"

पहिल्यांदाच त्याने या प्रश्नाला उलट उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी काढली. ऑइल, पाणी गाळलं. वायरी सोडवताना प्रत्येकीला रंगीत चिंधी बांधली, आणि बांधताना शीळसुद्धा वाजवली. हात ओळखत होते सगळं! रेडिएटर निघाला, सायलेन्सर सुटला. तीन दिवसांत गडी असा खुलला की शेजारची कमळवहिनी कुंपणावरून म्हणाली, "मिस्त्री, आज दाढी केलीस की रे!" त्या दिवशी तो पोटभर जेवलासुद्धा.

मग चाकं काढली. टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घालून डाव्या बाजूचा एक्सेल उपसला. खटकन निघाला. केसरीनाथ क्षणभर थांबला. का थांबला, ते त्याला कळलं नाही. काहीतरी व्हायचं होतं, कुणीतरी काहीतरी म्हणायचं होतं, असं वाटलं. घरातून काही आवाज आला नाही. जांभळीवर कावळा ओरडत होता. मग तो वळसा घालून उजव्या बाजूला गेला आणि दुसरा एक्सेल उपसला.

साखळी अडकवली. ज्यांच्यावर इंजिन बसतं त्या फाउंडेशनचे बोल्ट सोडले आणि कुप्पी ओढायला घेतली. इंजिन कण्हत वर आलं, जरा तिरकं झालं, हवेत हललं. आणि गिअरबॉक्सच्या पोटात खळ्ळकन वाजलं.

केसरीनाथचे हात साखळीवरच राहिले. त्याने इंजिन हलकेच हलवलं. परत खळखळ. त्याने डावा एक्सेल उचलून घालून पाहिला. आत जाईना. उजवा घातला. तोही जाईना. मग त्याची नजर घराच्या दाराकडे गेली.

लाटणं फळीवर होतं. तो आत गेला आणि त्याच्यापुढे उभा राहिला. उस्तादाचे शब्द त्याला आजही पाठ होते, शिकाऊ पोरांना त्याने ते हजारदा सांगितले होते. पण स्वतःला कधी आठवावेच लागले नव्हते. आपण लक्षात ठेवतो, अशी घमेंड उगाचच. लक्षात ठेवत होती ती! अरे देवा! तो तिथेच चुलीपाशी खाली बसला आणि ती गेली त्या दिवशी रडला नव्हता तेवढा रडला.

रविवारी रंजिता आणि मितेश आले. इंजिन साखळीला टांगलेलं, खाली चिंध्या बांधलेल्या वायरी नीट गुंडाळलेल्या. रंजिताने तोंडावर हात ठेवला.

"उतरलं की हो, बाबा! एकट्याने!"

मितेशने मोबाइल काढून फोटो घेतला. "मानलं तुम्हाला," तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला.

रंजिता डोळे पुसत हसली. "हरले मी. आता काल्हेरचं नाव नाही काढणार. राहा तुम्ही इथेच."

बोलला नसता तर कुणाला कळणार होतं? आतलं वाजणं त्या दोघांना ऐकूसुद्धा आलं नसतं. गिअरबॉक्स खोलून त्याने चाकं परत बसवलीही असती. एवढं त्याला येत होतं. 

"कपडे भरून ठेवलेत," तो म्हणाला. "निघू या."

"कुठे?"

"तुझ्याकडं."

"अहो पण उतरलं ना! ठरलं होतं ना आपलं?"

"एकट्याने उतरवायचं ठरलं होतं, पोरी. एकट्याने न्हाय जमत मला. आजवर कधी जमलंच न्हवतं, मला ठाऊक न्हवतं इतकंच."

रंजिताला काही उमगलं नाही. पण त्याचा आवाज ऐकून तिने आतून त्याच्या पिशव्या बाहेर आणल्या. मितेशने पिशव्या उचलल्या.

केसरीनाथने इंजिन हळूहळू खाली लाकडी फळ्यांवर टेकवलं आणि आत गेला. बाहेर आला तेव्हा हातात लाटणं होतं, मुठीला फडकं गुंडाळलेलं. फडकं त्याला नीट गुंडाळता आलं नव्हतं, एका बाजूला सैल होतं. त्याने ते डाव्या बाजूच्या भोकात घातलं आणि तळव्याने दाबून बसवलं.

"बाबा, आईचं लाटणं आहे ते!" रंजिता म्हणाली. "ते तरी घेऊन चला."

"राहू दे तिथं," तो म्हणाला, आणि दाराला कुलूप लावायला गेला.