टाकीमागची मावळती

त्याला सगळे गच्चीवाला म्हणत. गळक्या गच्च्या, तडकलेले पत्रे, तुंबलेले पाइप बघून पाणी नेमकं कुठून मुरतंय ते सांगणं हे त्याचं काम. पूर्वी तो शिडी लावून वर चढायचा. मग पाठीनं असहकार पुकारला आणि त्यानं ड्रोन घेतला. आता जमिनीवर उभं राहून, हातातल्या रिमोटच्या पडद्यावर अख्खं छत तपासायचं आणि घरमालकाला सांगायचं, कोपरा इथून फोडा. भिंतीतली ओल सापडली की त्याचा चेहरा असा फुलायचा की लॉटरी लागलेला माणूस त्याच्यापुढे उदास वाटावा. बायको त्यावरून त्याची यथेच्छ खेचायची. एकंदरीत माणूस सुखात होता.

त्याच्या सुखाला लागलेली एकुलती एक ओल म्हणजे त्याची आत्या.

आई गेल्यावर त्याला आत्यानंच वाढवलं. लग्न तिनं केलं नाही. कुणी विषय काढलाच तर सवड झाली नाही म्हणायची. तिचं दोऱ्या-बटणांचं दुकान होतं आणि त्याच इमारतीत वर चौथ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. नाकावर माशी बसू न देणारी बाई. गिऱ्हाईक कापड घेऊन आलं की ते दिव्याखाली बघायची नाही. दुकानाच्या दारात, उजेडात न्यायची, एक डोळा मिटायची आणि शेकडो रिळांतून एक काढून कापडावर ठेवायची. वर बजावायची, कापडापेक्षा एक छटा गडद घ्या, रिळावर दोरा गडद दिसतो, शिवल्यावर फिका पडतो. लोक ऐकायचे. न ऐकणारे आठवड्यानं परत यायचे.

दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. आता आत्याच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ती थोड्या दिवसांसाठी म्हणून भाच्याकडे राहायला आली. डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू होता, पण त्याचं नाव काढलं की ती म्हणायची, एक डोळा पुरे, मला कुठं सुईत दोरा ओवायचाय. दरम्यान गुडघ्यांनी हात टेकले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की चार मजले आता विसरा. त्या इमारतीला लिफ्ट नव्हती आणि होण्याची चिन्हंही नव्हती. भाच्याला वाटलं, चला, आता आत्या आपल्याकडेच. आत्याला तसं अजिबात वाटलं नाही. खोलीची चावी तिनं रुमालाच्या गाठीत बांधली होती आणि रुमाल कायम मुठीत.

दिवसभर ती मजेत असायची. सूनबाईशी गप्पा, पेपर, उशाशी रेडिओ. पण ऊन कलायला लागलं की तिचा जीव थाऱ्यावर राहायचा नाही. इथल्या तळमजल्यावरच्या तिच्या खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीकडे उघडायची. ती भिंत सकाळी करडी दिसायची, दुपारी करडी दिसायची आणि संध्याकाळी आणखी करडी. आत्या चौथ्या मजल्यावर रोज चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसायची. समोरच्या इमारतीची पांढरी भिंत, त्या गच्चीवरची पाण्याची टाकी आणि टाकीमागची मावळती. एवढंच तिला हवं होतं, आणि एवढंच भाच्याच्या घरात नव्हतं.

अशात तिच्या घरमालकाचा निरोप आला. महिनाअखेर सांगा, परत येताय की खोली सोडताय. आत्यानं दुसऱ्याच दिवशी कपडे आवरायला घेतले.

ही बाई गुडघे घेऊन त्या जिन्यावर गेली तर एक दिवस जिन्यातच सापडेल, हे गच्चीवाल्याला लख्ख दिसत होतं. समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. शेवटी तोंडातून निघून गेलं, "तुझी मावळती मी तुला इथं आणून देतो. मोठा फोटो. भिंतीभर."

आत्यानं हातातली घडी खाली ठेवली. "आण. पटली तर राहीन."

त्याला वाटलं, हे तर हातचं काम. ड्रोन आहे, आकाश फुकट आहे. त्याच संध्याकाळी त्यानं परवानगी होती तितक्या उंच ड्रोन चढवला आणि पश्चिमेला तोंड करून धडाधड फोटो काढले. प्रत्यक्षात आभाळ पेटलेलं होतं. फोटोत ते बऱ्याच वेळा धुतलेल्या चादरीसारखं आलं. आत्यानं चष्मा वर केला, खाली केला आणि विचारलं, "रंग निघून गेला का रे याचा?"

दोष कॅमेऱ्यातल्या ऑटोचा होता. ऑटो हे प्रकरण फार सज्जन. उजेड पिवळा दिसला की त्याला वाटतं इथं काहीतरी बिघडलंय, आणि तो पिवळेपणा ते गुपचूप पुसून टाकतं. छत बघताना हा सज्जनपणा उपयोगी पडतो. सूर्यास्ताचा मात्र जीवच काढून घेतो.

गच्चीवाल्यानं मग दुसरं टोक गाठलं. फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि रंग वाढवायची पट्टी होती ती शेवटपर्यंत सरकवली. आभाळ भडक नारिंगी झालं, ढग लालबुंद, खालची झाडंसुद्धा तांबूस. त्याला स्वतःला फार आवडलं. आत्या म्हणाली, हे सरबत आहे, यात बर्फ घाल. सूनबाई इतकी हसली की तिला उठून आत जावं लागलं.

आता मात्र तो इरेला पेटला. त्यानं ऑटो बंद केलं. कॅमेऱ्याला जणू ठणकावून सांगितलं की बाबा रे, हा भरदिवसाचा उजेड आहे असं समज आणि स्वतःची अक्कल चालवू नकोस. त्याबरोबर पिवळा पिवळ्याच्या जागी राहिला. तरी सूर्याभोवती एक पांढरं भोक पडत होतं. तिथला रंग जळूनच जायचा, आणि जळालेला रंग कॉम्प्युटरवरही परत येत नाही. एका संध्याकाळी ड्रोन वर घिरट्या घालत असताना त्याला दुकानाचं दार आठवलं. एक छटा गडद घ्या. त्यानं उजेड थोडा कमी करून, मुद्दाम गडद फोटो काढला. घरी येऊन सावल्या तेवढ्या हलक्या हातानं उजळल्या. सूर्याच्या कडेला सोनेरी होतं, त्यावर केशरी, त्यावर अबोली, आणि वर जाताजाता जांभळट. बायकोनं खांद्यावरून वाकून पाहिलं आणि काही थट्टा न करता त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याला तेवढ्यानंच भरून आलं.

सकाळी नाश्त्याच्या आधीच त्यानं फोटो आत्यासमोर धरला. आत्यानं पाहिला, मान हलवली. बरा आहे, पण पिवळा आहे. सगळंच पिवळं आहे.

त्यानं पिवळेपणा कमी केला आणि संध्याकाळी पुन्हा दाखवला. आत्या म्हणाली, हा तर निळा झाला. त्यानं निळा कमी केला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत पिवळा. असं पिवळ्या-निळ्याच्या मध्ये त्याचं भरीत व्हायला लागलं. महिना संपत आला होता, आत्याची पिशवी दारामागे भरून तयार होती, आणि त्याला आता अशी शंका यायला लागली की आत्याला पटवून घ्यायचंच नाहीये. ते बोलून दाखवायला तो निघालाच होता, पण बायकोनं त्याला स्वयंपाकघरात अडवलं.

ती आत्याच्या डोळ्यात रोज औषध घालायची. तिच्या लक्षात आलं होतं ते असं की सकाळचे थेंब घातले की आत्या उजवा डोळा घट्ट मिटून बसते आणि फोटो डाव्यानं बघते. संध्याकाळी मात्र दुकानातल्या जुन्या सवयीनं डावा मिटते आणि उजव्यानं बघते. डाव्यात मोतीबिंदू अजून तसाच. त्याच्यातून जग पिवळं दिसणारच.

"तू दोन माणसांना फोटो दाखवतोयस," बायको म्हणाली. "आणि दोघींचं पटत नाही."

गच्चीवाल्यानं कपाळाला हात लावला. मग दोघं आत गेले आणि त्याच्या बायकोनं आत्याला आधी हा डोळा झाकायला लावला, मग तो. भिंतीवरचं पांढरं कॅलेंडर बघायला सांगितलं. आत्यानं आळीपाळीनं झाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं. हात खाली आला तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. गिऱ्हाइकानं चुकीचा दोरा परत आणला तरी तिचा चेहरा असा कधी झाला नव्हता.

"मग इतकी वर्षं मी काय बघत होते?" ती म्हणाली.

तिच्या डोक्यात काय चाललंय ते दोघांना कळत होतं. आधी दोरे. ती मनातल्या मनात जुनी गिऱ्हाइकं आठवत होती, हा दोरा चुकला असेल का, तो चुकला असेल का. सुनेनं सांगितलं की चुकला असता तर लोक तोंडावर फेकून गेले असते, तुमचं दुकान होतं तोवर डोळे ठणठणीत होते. ते आत्याला पटलं. पण दुसरी गोष्ट कुणी बोललं नाही तरी तिथंच होती. खिडकीतली ती मावळती, जिच्यासाठी ती चार मजले चढायला निघाली होती, तीही अलीकडच्या काही वर्षांत याच पिवळ्या काचेतून पाहिलेली. तशी मावळती कुठल्या कॅमेऱ्यात यायची नव्हती. ती खिडकीबाहेर नव्हतीच.

गच्चीवाल्याला तिची फार दया आली. आत्याची दया येण्याची त्याला सवय नव्हती, त्यामुळे तो गडबडला आणि म्हणाला, "चल, आपण तिकडे जाऊ. आज. तू स्वतः बघ."

जुन्या इमारतीच्या आवारात त्यानं आत्याला खुर्ची दिली. रिमोट तिच्या मांडीवर ठेवला आणि स्वतः शेजारी वाकून तो चालवू लागला. पडद्यावर तिरपं ऊन पडत होतं म्हणून बायकोनं छत्री धरली. सेक्रेटरी ओळखीचा होता, त्याच्या गच्चीची गळती याच गच्चीवाल्यानं शोधली होती, त्यामुळे कुणी हटकलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी खिडकीसमोर ड्रोन बघून बनियनवरच पडदा ओढून घेतला, तेवढंच.

तो सवयीनं ड्रोन उंच नेऊ लागला. आत्यानं त्याला थांबवलं.

"एवढा वर कुठं चाललास? मी काय छपरावर बसत होते? खाली घे. अजून. डावीकडे. बस. माझी खुर्ची इथं होती."

पडद्यावर समोरच्या इमारतीची पांढरी भिंत आली, गच्ची आली, टाकी आली. गच्चीवाल्याला तेव्हा उमगलं की इतके दिवस आपण नुसतं आभाळ आणत होतो. ज्याच्याशी रंग जुळवायचा ते कापडच फोटोत नव्हतं. आत्यानं डावा डोळा मिटला. आभाळाकडे तिनं आधी पाहिलंच नाही. टाकी पाहिली. टाकी पारव्या रंगाची, दुकानात त्याच रंगाच्या दोऱ्याला ती टाकीचा रंग म्हणायची. मग ती भिंतीकडे वळली, पडद्यावर पाहिली आणि मान वर करून खरी पाहिली. पांढरी, वरच्या कडेला अबोली झाक.

"टाकी बरोबर आहे," ती म्हणाली. "भिंतही बरोबर. मग बाकीचंही बरोबर असणार."

आणि मग तिनं आभाळ पाहिलं. सूर्य टाकीच्या मागे उतरला होता. खाली केशरी होतं, वर गुलाबी होतं. त्याच्याही वर, इमारतींच्या डोक्यावरून थेट त्यांच्यापर्यंत, एक पातळ, गार जांभळा पसरला होता. आत्या पडद्याकडे बघत राहिली, मग मान वर करून बघत राहिली.

"हा जांभळा कधीपासून आहे?"

"रोज असतो, आत्या."

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा सुनेनं घाईनं औषधाची बाटली शोधली, पण ते त्या प्रकारचं पाणी नव्हतं. गच्चीवाल्यानं एक छटा गडद फोटो घेतला. आणखी घेतले. ड्रोन खाली आला तरी आत्या मान वर करूनच बसली होती.

अंधारायला लागल्यावर तिनं रुमालाची गाठ दातांनी सोडवली. चावी भाच्याच्या हातावर ठेवली आणि इमारतीकडे एकदाच वर पाहून घेतलं. "घरमालकाला देऊन टाक. खिडकीची कडी घट्ट बसते, नवीन माणसाला सांगायला सांग."

त्यानं चावी मुठीत धरली. फोटो पटला का, असं विचारायचं त्याच्या ओठावर आलं होतं. पण आत्या आधीच सूनबाईच्या हाताचा आधार घेऊन उभी राहिली होती आणि फोटो कुठं लावायचा ते ठरवत होती. खोलीतल्या भिंतीवर नको, तिथं दिव्याचा उजेड. दाराशी लावा, बाहेरचा उजेड पडेल तिथं.

फाटकापाशी ती थांबली.

"आणि त्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन कर," ती म्हणाली. "म्हणावं, डावा डोळापण करून टाका. अर्धंच दिसतंय मला."