कागदावरची रुंद गल्ली

फायरच्या डिप्लोमात आपापल्या मोहल्ल्याचा आग विझवण्याचा आराखडा काढायचा होता. मी आमचा दुर्गाघाट काढला. इथे समोरून सांड आला की माणसाने निमूट दुकानात शिरायचं, तिथे बंब कुठून येणार? म्हणून मी पंप खाली घाटावर ठेवला आणि गंगेचं पाणी पाइपाने पायऱ्यांवरून वर आणलं. सरांनी सगळं लाल पेनाने खोडलं.

"गाडी कहाँ खड़ी करोगे?"

गाडी येतच नाही, म्हटलं.

"तो गली चौड़ी कर दो. कागज ही तो है."

मग मी पट्टी घेऊन शेजाऱ्यांचे ओटे उडवले आणि बंब थेट आमच्या दारात उभा केला. पैकीच्या पैकी मार्क मिळाले. आता आग लागलीच, तर तिने कृपा करून त्या कागदावरच्या घराला लागावं.