तीन घरांचा एक इनबॉक्स आणि बाबांची पोच

आमच्या घराण्याचा ईमेल पत्ता एकच आहे. पंधरा वर्षांपूर्वी मी तो काढला, तेव्हा बाबा म्हणाले, "रेशनकार्ड एकच होतं तेव्हा कुणाचं काय अडलं? सगळ्यांना हाच दे." तेव्हापासून नायगावचे आम्ही, करी रोडचे काका आणि गिरगावातली आत्या अशी तीन घरं त्या एका पत्त्यावर नांदतायत. पासवर्ड म्हणजे आमच्या गावाचं नाव, त्यामुळे तो अख्ख्या भावकीला पाठ आहे.

या पत्त्याची देखभाल माझ्याकडे. (ऑफिसात एकदा मी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाटता बाहेर काढला होता. ते घरी येऊन सांगितलं, ही माझी चूक.)

तर परवाच्या मे महिन्यात इनबॉक्स भरला. जागा संपत आली आहे, लवकरच नवे मेल येणं बंद होईल, अशी लाल पट्टी रोज दिसू लागली. बाबांना सांगितलं. बाबांनी सगळी नोकरी एका कचेरीच्या आवक-जावक विभागात काढली. आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा आणि आणणाऱ्याला पोच द्यायची, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतरही दूधवाल्याला ते 'मिळालं' असं लिहून देत.

"मुळात आपली पत्रं दुसऱ्याच्या कपाटात ठेवायचीच कशाला?" बाबा म्हणाले. "घरी आण."

तशी सोय असते, हे मी ऐकून होतो. घरच्या कंप्युटरवर एक प्रोग्रॅम टाकायचा, की तो वेबसाइटवरचे सगळे मेल ओढून आपल्याकडे उतरवून घेतो. मी म्हटलं, शनिवारी करून टाकू.

नेमकं त्याच आठवड्यात शर्वरीचं घोडं गंगेत न्हायच्या बेतात होतं. शर्वरी ही काकांची मुलगी, वय बत्तीस. दोन वर्षांत तिने आलेलं प्रत्येक स्थळ पहिल्या पानावरच बाद केलं होतं. या मुलाच्या माहितीत मात्र शेवटी एक ओळ होती: 'मासे साफ करता येतात.' ती वाचून शर्वरी पहिल्यांदाच "बघायला हरकत नाही" म्हणाली आणि काकूने देवापुढे साखर ठेवली. विवाह मंडळाच्या नियमाप्रमाणे पहिली भेट ठरेपर्यंत फोन नंबर द्यायचे नव्हते, सगळं मेलवर. आम्ही होकार कळवला होता आणि भेटीसाठी पत्ता आमच्या नायगावच्या घराचा दिला होता. आता त्यांचं उत्तर यायचं होतं, त्याच इनबॉक्समध्ये.

शनिवारी सकाळी मी प्रोग्रॅम टाकला. त्याने विचारलं, मेल उतरवून झाले की सर्व्हरवरची प्रत काढून टाकायची का?

"काढ," बाबा मागून म्हणाले. "मूळ कागद एकाच जागी असावा. दोन प्रती झाल्या की घोळ होतो."

मी खूण केली. मग त्याने विचारलं, पाठवणाऱ्याने पोच मागितली असेल, तर द्यायची का? बाबा खुर्चीत ताठ बसले.

"हे काय विचारणं झालं? पोच दिल्याशिवाय आवक पूर्ण होत नाही."

मी 'नेहमी' वर खूण केली. मेल धपाधप उतरू लागले. बाबा कौतुकाने आकडा वाढताना बघत होते, आणि मी त्यांच्याकडे. इतक्या वर्षांत माझ्या एखाद्या कामावर ते असे खूश झालेले मला आठवत नाहीत.

दुपारी काकांचा फोन आला. "अरे उदया, माझे मेल खंय गेले? फोन कोरो पडलो."

"काका, कुठे गेले नाहीत. घरी आहेत."

"माझ्या घराक तर नाय."

"आमच्या घरी."

"मगे माका कित्याक नाय सांगलंस?"

ते ठेवतात तोच आत्या. तिचा मुलगा कॅनडातून नातवाचे फोटो मेलने पाठवतो. "उदय, माझा नातू गेला रे फोनमधून."

"सगळं सुखरूप आहे आत्या. नायगावला येऊन बघ."

"म्हणजे नातू बघायला आता मी बसने यायचं?"

(आधी तो कॅनडात होता, आता नायगावात आला होता. अंतर किती कमी झालं, हे आत्याच्या लक्षात आलं नाही.)

मग शर्वरी. "दादा, त्यांचं काही आलं का?"

मी बघायला गेलो. तीन घरांचे पंधरा वर्षांचे न वाचलेले हजारो मेल ठळक अक्षरांत माझ्याकडे रोखून बघत होते. मला काही सुधरेना. मी सगळे एकदम निवडले आणि 'वाचले' अशी खूण करून टाकली. कोपऱ्यात अक्षरं उमटली: पोच पाठवत आहे.

"कुणाला?" बाबांनी विचारलं.

"ज्यांनी ज्यांनी मागितली होती, त्या सगळ्यांना."

"छान," बाबा म्हणाले.

आठ वर्षांपूर्वी एकाने काकांना साखरपुड्याचं बोलावणं धाडलं होतं. ते वाचलं गेल्याचं त्याला त्या दुपारी कळलं. त्याची दोन मुलं आता शाळेत जातात.

मी मुलाच्या नावाने शोधून पाहिलं. त्याचा एकही मेल नव्हता. शर्वरीला तसं कळवलं. ती नुसतं "बरं" म्हणाली. एरवी ती इतकं कमी बोलत नाही. मला फार वाईट वाटलं.

रविवारी दुपारी सगळं घराणं आपापले मेल बघायला नायगावला दाखल झालं. बाबांनी चिठ्ठ्यांवर नंबर घालून वाटले. कंप्युटरच्या वायरीसाठी पंखा काढावा लागला होता, म्हणून काका बनियनवर बसले होते. आत्या पहिल्या नंबरची, ती नातवाच्या बारशापर्यंत पोचली होती आणि उठायला तयार नव्हती. शर्वरी जुन्या गाऊनमध्ये मोरीत बसून रात्रीसाठी बोंबील साफ करत होती आणि प्रत्येक बोंबलावर राग काढत होती.

बरोबर चार वाजता दारात एक कडक इस्त्रीच्या साडीतल्या बाई आणि त्यांच्यामागे पेढ्यांचा पुडा घेतलेला उंच मुलगा उभा राहिला. फोटोतलाच मुलगा.

"चार वाजता येतो म्हणून लिहिलं होतं," बाई म्हणाल्या. "मी माझ्याच पत्त्यावरून पाठवलं. या पोराचा भरवसा नाही."

"आम्हाला तुमचा मेल मिळालाच नाही हो," मी म्हटलं.

त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. "मिळाला की. काल दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. मी लिहिलंच होतं, नुसती पोच आली तरी होकार समजू."

बाबांनी तो कागद घेतला, चष्मा लावून वाचला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोच बरोबर आहे."

काका शर्ट शोधायला पळाले. मोरीतून शर्वरीचा आवाज आला, "आई, मी बाहेर येणार नाही." बाईंचं लक्ष मात्र चिठ्ठ्या धरून बसलेल्या माणसांकडे होतं. मी सगळं सांगितलं. बाईंनी तीस वर्षं टपाल खात्यात पत्रांची वर्गवारी केली होती.

"तीन घरं आणि पेटी एक?" त्या म्हणाल्या. "उठा तिथून."

आत्या उठली. आम्हाला जे दीड दिवसात जमलं नव्हतं, ते बाईंनी तासाभरात केलं. करी रोड, गिरगाव, नायगाव असे तीन कप्पे पाडून त्या मेल फेकत सुटल्या. बाबा शेजारी उभे राहून भारावल्यासारखे बघत होते.

तेवढ्यात मुलगा बाह्या दुमडून मोरीकडे गेला होता. काकू म्हणाली, "अहो, तुम्ही पाहुणे." शर्वरीने मात्र सुरी त्याच्या हातात दिली आणि परीक्षकासारखी बघत राहिली. तिसऱ्या बोंबलाला ती हसली. ते ऐकून शर्टाची बटणं लावणारे काका दारातच थांबले आणि तोंड फिरवून त्यांनी डोळे पुसले. माझेही भरून आले, पण माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

लग्न डिसेंबरात आहे. परवा घरात कामं वाटली. पत्रिका मेलने पाठवतो असं मी म्हटलं. मग बाबा म्हणाले, "हातोहात देऊ. सही घेऊन."

मला हॉलच्या दाराशी चपला सांभाळायचं काम मिळालं आहे. तेही आत्याने बजावून दिलं, "उदय, ज्याने जिथे काढल्यात तिथेच राहू देत. तू त्या एका जागी आणायला जाऊ नकोस."